घाटावरची सातेरी गेली, गोठ्यातली राहिली: असं का झालं?

जुनीविहीर (धागाकर्ता)
११ मे, रात्री ९:५०

मंडळी, नमस्कार. आमचं शेत काटोल तालुक्यात आहे. चार एकर संत्रा, बाकीच्यात कपाशी-तूर, बांधावर कडुनिंब, बाभूळ आणि विहिरीजवळ एक जांभूळ. मधमाशा पाळायला लागून दोनच वर्षं झालीत. काल सकाळी माझी चौथी पेटी रिकामी झाली. जीव लागला होता त्या माशांवर, म्हणून सविस्तर लिहून राहिलो. जाणकारांनी वाचावं ही विनंती.

मागच्या ऑक्टोबरात सह्याद्रीच्या घाटावरून सातेरीच्या (पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीच्या) चार वसाहती आणल्या. विकणाऱ्यानं खात्रीनं सांगितलं होतं, देशी माशी आहे, कुठंही नेली तरी जगते. इकडे तूर फुलावर होती, माशा लगेच कामाला लागल्या. जानेवारीच्या अखेरीस आंबिया बहार फुटला तेव्हा सकाळी नऊला बागेत उभं राहिलं की सगळं झाड गुणगुणत असल्यासारखं वाटायचं. फेब्रुवारीत चारही पेट्यांतून मध निघाला, वास थेट संत्र्याच्या फुलाचा.

पाचवी वसाहत आमच्या घरचीच. गोठ्याच्या मातीच्या भिंतीत एक जुना कोनाडा आहे, समोरून फळी मारलेला. आई लग्न होऊन आली तेव्हापासून त्यात सातेरीचं मोहोळ बघते आहे. कधी सोडून जातं, कधी परत येतं. डिसेंबरात फळी काढून ती वसाहत पेटीत घेतली, पोळी सुतळीनं फ्रेमला बांधली. लहान वसाहत, पाच फ्रेमच्या वर कधी गेली नाही. मध सव्वा किलो दिला. माशी अंगानं बारीक, पोटावर पिवळा रंग जास्त. घाटावरची काळपट आणि थोडी थोराड. दोन्ही पेट्या शेजारी उघडल्या की फरक लगेच दिसतो.

आता मुद्दा. मी वहीत नोंद ठेवतो. बहार झडल्यावर गोठ्यातल्या राणीनं अंडी कमी केली. मार्च संपेपर्यंत तिच्याकडे जेमतेम दीड फ्रेम पिलावा (अंडी, अळ्या, कोष) होता. मला वाटलं राणी म्हातारी झाली. घाटावरच्या राण्यांनी मात्र उलट केलं. मार्चभर, एप्रिलच्या तोंडापर्यंत पिलावा वाढवतच नेला, चार-चार फ्रेम भरल्या. मी खूश होतो. एप्रिलच्या मध्यानंतर कडुनिंबाचा फुलोरा गेला आणि पारा ४३ वर चढला. साखरपाक दिला, पाणी ठेवलं. तरी २३ एप्रिलला पहिली पेटी गेली, मग दुसरी, तिसरी, आणि काल चौथी.

रिकामी पेटी उघडून पाहिली. मेणकिडा नाही, मुंग्या नाहीत. पोळ्यात एक अंडं नाही, एक अळी नाही, झाकलेलं घर नाही. मधाचे कप्पे चाटूनपुसून कोरडे केलेले. तळफळीवर मेणाचा थोडा भुगा आणि आठ-दहा माशा, बहुतेक रानातून उशिरा परतलेल्या. त्या रिकाम्या पोळ्यावर नुसत्या फिरत होत्या.

गोठ्यातली वसाहत अजून आहे. एकच जात, एकच शेत, एकच ऊन. मग असं का?

सातपैलवान
११ मे, रात्री १०:३२

वाचून वाईट वाटलं दादा. वही ठेवता हे फार चांगलं करता. उत्तराच्या प्रतीक्षेत.

मुंगीचीवाट
१२ मे, सकाळी ७:१५

जुनीविहीर दादा, मी अमरावतीला महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. तुमच्या वहीतल्या नोंदी वाचून रात्री बराच वेळ विचार केला. माझ्या मते उत्तर तुमच्या दोन वाक्यांतच आहे: एका राणीनं मार्चात हात आखडता घेतला, चार राण्यांनी वाढवत नेला.

घाटावर, महाबळेश्वरच्या बाजूला, मधाचा मोठा हंगाम येतो तो जांभूळ, गेळा, हिरडा यांच्यावर. म्हणजे मार्च ते मे. तिथल्या वसाहतीला मार्चात पिलावा वाढवावाच लागतो. आज घातलेल्या अंड्यातून सातेरीची कामकरी बाहेर यायला साधारण १९ दिवस लागतात, त्यानंतर दोन-तीन आठवडे ती पेटीतच राबते, मग रानात जाते. म्हणजे एप्रिलअखेर जांभळाला माणूसबळ हवं असेल तर मार्चाच्या मध्यालाच तयारी सुरू झाली पाहिजे. फूल दिसल्यावर अंडी घालून उपयोग नसतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वसाहतींची वेळ जमली त्या तगल्या, ज्यांची चुकली त्या संपल्या. तुमच्या चार राण्या घाटावरचं पंचांग पाळत होत्या. तिथं त्यांचं अगदी बरोबर ठरलं असतं. काटोलात मात्र त्या वेळी रान वाळतं.

हे नुसतं अनुमान नाही. फ्रान्समध्ये १९६० च्या दशकात लुवो नावाच्या संशोधकानं याचाच प्रयोग केला. नैऋत्य फ्रान्सच्या लांद भागात हीदर नावाचं झुडूप उन्हाळ्याच्या शेवटी फुलतं, आणि तिथल्या वसाहती बरोबर त्याआधी पुन्हा पिलावा वाढवतात. त्या वसाहती त्यानं पॅरिसजवळ नेल्या. तिथं हीदरचा तसा फुलोरा नव्हता, तरी त्यांनी आपली जुनीच लय पाळली. पॅरिसच्या माशा लांदमध्ये नेल्या तर त्या पॅरिसच्या लयीत राहिल्या. म्हणजे वेळापत्रकाचा मोठा भाग रक्तात असतो.

अलीकडे, २००९ ते २०१२ मध्ये, युरोपात १६ वेगवेगळ्या मूळच्या ६२१ वसाहती ठिकठिकाणी ठेवून पाहिल्या, रोगावर रासायनिक औषध न देता. ज्या वसाहती त्या-त्या ठिकाणच्याच होत्या त्या बाहेरून आणलेल्यांपेक्षा सरासरी ८३ दिवस जास्त जगल्या. आणि ही सगळी एकाच जातीची माशी होती, युरोपीय मेलिफेरा.

रंग आणि अंगाबद्दल तुमचं निरीक्षण योग्य आहे. सातेरीचे डोंगरी आणि मैदानी असे दोन प्रकार आपल्या देशात पूर्वीपासून ओळखले जातात. डोंगरी मोठी आणि काळसर, मैदानी लहान आणि पिवळसर. उंची वाढते आणि उत्तरेला जावं तशी सातेरी अंगानं मोठी होत जाते. मैदानी माशीच्या पोळ्यातली घरंसुद्धा लहान असतात, एका वितीत जास्त मावतात. मोजून बघा, सोपं आहे.

आता उष्णतेचं. पिलाव्याला ३३ ते ३६ अंश तापमान लागतं, त्यात फार हयगय चालत नाही. बाहेर ४५ असताना आत ३५ राखायचं म्हणजे कामकरींनी पाणी आणून पोळ्यावर थेंब-थेंब पसरायचं आणि पंख हलवून वारा खेळवायचा. पिलावा जितका जास्त, तितक्या जास्त माशा या कामाला जुंपल्या जातात. पाणी आणणारी माशी मकरंद आणू शकत नाही. त्यात बाहेर मकरंदच नाही. चार फ्रेम पिलावा घेऊन मे महिन्यात शिरणं म्हणजे पाच लेकरं घेऊन दुष्काळात शिरण्यासारखं आहे. गोठ्यातल्या राणीनं दीड फ्रेमवर आणून ठेवलं होतं. तिला म्हातारी म्हणू नका.

आणि एक. रिकाम्या पेटीत अंडं-अळी नव्हती, मध नव्हता. याचा अर्थ त्या घाबरून पळाल्या नाहीत. घाबरून पळाल्या असत्या तर पिलावा मागे राहिला असता. राणीनं अंडी बंद केली, शेवटचं पिल्लू बाहेर येईपर्यंत वसाहत थांबली, मध पोटात भरून घेतला आणि मग निघाली. तुमची वही पाहा, जाण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत अंडी बंद झाल्याची नोंद असेल.

जुनीविहीर
१२ मे, दुपारी १२:४०

ताई, हात जोडतो. वही काढली. पहिल्या पेटीची ५ एप्रिलची नोंद: "राणी दिसली, अंडी नाहीत, दोन दिवसांनी पुन्हा बघणे." त्यानंतर शेताच्या गडबडीत बघितलंच नाही. तेव्हाच कळलं असतं.

करडईवाला
१२ मे, रात्री ८:०५

मी बुलढाणा जिल्ह्यातला. १२ वर्षांपासून पेट्या आहेत, सगळ्या मेलिफेरा. ताईंचं ज्ञान मोठं आहे, पण शेतकऱ्याच्या बाजूनं दोन गोष्टी विचारतो.

पहिली, दादा, पेट्या ठेवल्या कुठं होत्या? घाटावरच्या चार आणि घरची एक, सगळ्या एकाच सावलीत होत्या का? मी कितीतरी जणांच्या पेट्या टिनाच्या शेडखाली पाहिल्या आहेत. टिनाखाली मे महिन्यात नवं पोळं मधाच्या वजनानं वाकून खाली येतं. तिथं कोणतीही माशी राहणार नाही.

दुसरी, स्थानिकच माशी जगते असं धरलं तर मेलिफेरा इथं एक दिवस टिकायला नको. १९६२ साली हिमाचलातल्या नगरोट्याला ती बसवली, आज अर्धा देश तिच्यावर मध काढतो. माझ्या पेट्या डिसेंबरात मोहरीला राजस्थानात जातात, परत आल्या की कांद्याच्या डोंगळ्याला, मग सूर्यफूल मिळालं तर सूर्यफुलाला. सातेरीच्या एका वसाहतीच्या चौपट मध एका पेटीतून घेतो. हवामान बदललं की मी पेटी उचलतो.

जुनीविहीर
१२ मे, रात्री ९:२०

करडईवाला भाऊ, प्रश्न रास्त आहे, खरं ते सांगतो. घरची पेटी विहिरीजवळ जांभळाच्या सावलीत. घाटावरच्या दोन संत्र्याखाली आणि एक गोठ्याच्या टिनाच्या पडवीत. पहिली गेली ती पडवीतलीच. पण परवा गेलेली चौथी जांभळाखालीच होती, घरच्या पेटीपासून पंधरा हातांवर. दोघींना तीच सावली, तेच पाणी.

मुंगीचीवाट
१३ मे, सकाळी ६:५०

करडईवाला दादांचा पहिला प्रश्न मला सुचायला हवा होता. पाच पेट्यांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, सावलीचा फरक असताना तर नाहीच. पण चौथी पेटी महत्त्वाची आहे.

मेलिफेराबद्दल तुम्ही स्वतःच उत्तर दिलंत: "मी पेटी उचलतो." म्हणजे हवामानाशी जुळवून घेण्याचं काम तिथं माशी करत नाही, तुमचा ट्रक करतो. आणि पावसाळ्यात तुमची साखर करते. त्यात गैर काही नाही, तुमचा धंदा त्यावर उभा आहे. पण ज्याच्याकडे ट्रक नाही, चार पेट्या आहेत आणि बाग परागीभवनासाठी जपायची आहे, त्याचा हिशेब वेगळा असतो. शिवाय एक कोळी (माशीच्या अंगाला चिकटणारी बारीक कीड) आहे, व्हरोआ नावाचा. तो मुळात सातेरीचाच परजीवी. सातेरी एकमेकींच्या अंगावरून तो वेचून काढते, आणि तिच्याकडे तो फक्त नरांच्या घरात वाढू शकतो. त्यामुळे त्याचा सुळसुळाट होत नाही. मेलिफेराला ही सवय नाही, तिच्यात तो कामकरींच्या घरातही वाढतो. त्यासाठी तुम्हाला औषध करावं लागत असेल.

करडईवाला
१३ मे, सकाळी ९:१०

औषध करावं लागतं, साखरही लागते. जून ते सप्टेंबर हा चार महिन्यांचा खर्च डोक्यावर असतो. हे मान्य.

पांढरीचापाटील
१३ मे, सकाळी ११:३०

माह्यं वय ७४. आमी पोट्टे व्हतो तवा गावाच्या आखरावर निंबाच्या ढोलीत मोहोय राहे. सातेरीचं. उनायात थे मोहोय नाई दिसे, मंग पोया-दिवाईच्या मधात कवातरी पुन्ना येऊन बसे. आमचा बुढा म्हने, माशी पाह्यनीले गेली, येते परत. कोनी ढोली बुजवत नसे, कोनी धूर करत नसे.

तवा वावरात का नव्हतं भाऊ? जवारीत तूर, मुंगात तीय, पाटात जवस, धुऱ्यावर करडी. एक संपे तं दुसरं फुले. आता सारं सोयाबीनच सोयाबीन. माशीनं उनायाभर कायच्यावर राहावं? तुमचं हवामान बदललं थे बदललं, पन तिचं ताट बी आपनच उचललं. थ्या ढोलीचा निंब २० वर्सांपूर्वी तोडला. मोहोय पुन्ना नाई दिसलं.

मेळघाटवाट
१३ मे, रात्री १०:१५

पाटीलबाबा, तुमची पोस्ट दोनदा वाचली.

मी धारणीकडे असतो. इथं कोरकू मंडळींसोबत रानात फिरून जे पाहिलं ते लिहितो. सातेरीवर चर्चा झालीच आहे, पण आपल्याकडच्या उन्हाला दुसऱ्या दोन माशांनी जे उत्तर शोधलं आहे तेही बघण्यासारखं आहे.

आग्या उघड्यावर राहते. कड्याला, उंच झाडाला, तुमच्या पाण्याच्या टाकीला एकच मोठं पोळं. भिंत नाही, छप्पर नाही. भिंत म्हणजे ती स्वतःच. माशा एकीवर एक थर करून पोळ्यावर पडद्यासारख्या लटकतात. थंडीत पडदा घट्ट, उन्हात विरळ. दुपारी फार तापलं की शेकडो माशा एकदम उडतात, फेरी मारतात, पोट हलकं करतात आणि परत येतात. खाली उभ्या माणसाच्या शर्टावर पिवळे ठिपके पडतात, ते त्याचे. अंगातली उष्णता टाकायचा तो एक मार्ग आहे.

आणि रान वाळलं की आग्या थांबतच नाही. पोळं तिथंच सोडून सगळी वसाहत दुसऱ्या मुलखाला जाते, कित्येक कोस. हंगामात परत येते. आसामातल्या वसाहतींची आनुवंशिक तपासणी २००० साली प्रसिद्ध झाली, त्यात दिसलं की वसाहती परतून पूर्वीच्याच जागी आल्या, राणी तीच. गेलेल्या कामकरी तोवर मेलेल्या असतात. आमच्याकडे एका अर्जुनाच्या झाडावर दरवर्षी तिसऱ्या फांदीला पोळं लागतं. म्हाताऱ्यांना ती फांदी अंगणातल्या तुळशीसारखी ठाऊक आहे.

म्हणून इथली जुनी जाणती माणसं पोळं पूर्ण कापत नाहीत. मध पोळ्याच्या एका वरच्या टोकाला साठलेला असतो, पिलावा वेगळा. तेवढं टोक कापायचं, पिलावा झाडावर ठेवायचा. माशी ते टोक पुन्हा बांधते. जाळ करून सगळं पोळं खाली पाडणारेही आहेत, बाजारात तोच मध जास्त येतो. पिळलेल्या पिलाव्याचा पांढुरका रस त्यात असतो, लवकर आंबतो.

फुलोरी तर सगळ्यांत लहान. तुमच्या संत्र्याच्या फांदीलाच तळहाताएवढं पोळं असतं. ती हिवाळ्यात उन्हाच्या बाजूला बसते आणि उन्हाळा लागला की गर्द सावलीतल्या फांदीवर घर हलवते. अंतर थोडं असेल तर जुन्या पोळ्याचं मेण पायाला लावून नव्या घरी नेते. मेण करायला मध खर्ची पडतो, तो वाया घालवत नाही. मुंग्या येऊ नयेत म्हणून फांदीला दोन्हीकडून चिकाचा पट्टा मारते. पुढच्या वेळी छाटणी करताना बोट लावून बघा, चिकटतं.

नवापालवी
१४ मे, सकाळी ८:००

सगळ्यांना नमस्कार. मी वणीजवळच्या गावातला, २३ वर्षांचा. मध संचालनालयाच्या मधकेंद्र योजनेत निम्म्या अनुदानावर पेट्या मिळतात असं कळलं. हा धागा वाचून प्रश्न पडला. वसाहत कुठून आणू? आणि उन्हाळ्यात काय काय करायचं ते कोणी सांगेल का?

झाडीपट्टीची
१४ मे, दुपारी २:२५

नवापालवी, पेटी योजनेतून घे, वसाहत शक्यतो तुझ्याच पट्ट्यातली घे. मी साकोलीकडची, आमच्याकडे पाच वसाहती आहेत, पाचही मोहाच्या ढोलीतून आणि जुन्या घराच्या भिंतीतून घेतलेल्या. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतच घ्यायच्या, फूल असताना. उन्हात किंवा पावसात वसाहत हलवली तर ती बसत नाही.

आमच्याकडे ऊन कमी त्रास देतं, पाऊस जास्त. गडचिरोली-भंडाऱ्याकडचा पाऊस बुलढाण्याच्या दुपटीच्या आसपास. जुलै-ऑगस्टात आठ-आठ दिवस झड लागते, माशी बाहेर पडू शकत नाही. धान फुलतो तेव्हा पराग मिळतो, पण मकरंद नाही. आमच्या वसाहतीची खरी परीक्षा तेव्हा होते. मे महिन्यात मोह, जांभूळ, करंज यांचं थोडंफार पोटात असतं. म्हणून मी एप्रिलचा मध काढतच नाही. सासूबाई म्हणतात, लेकीचं माहेरपण मोडू नये तसा माशीचा पावसाळा मोडू नये. एका वर्षी लोभानं काढला आणि ऑगस्टात दोन वसाहती गेल्या. नंतर कधी काढला नाही.

बघ, एकाच विदर्भात दादांच्या माशीला मे कठीण, माझ्या माशीला ऑगस्ट. तुझ्या वणीला काय कठीण ते पहिल्या वर्षी नुसतं बघ, मध मागू नकोस.

करडईवाला
१४ मे, रात्री ८:४०

झाडीपट्टीच्या ताईंनी लाखमोलाचं सांगितलं. नवापालवी, उन्हाळ्याचं मी सांगतो, हे दोन्ही माशांना सारखं लागू.

पेटी झाडाच्या सावलीत, टिनाखाली नाही. दार पूर्वेला किंवा उत्तरेला. पेटीवर गोणपाट टाकून दुपारी ओलं करायचं, पण पाणी दारात उतरू द्यायचं नाही. पाण्याचं पसरट भांडं जवळ ठेवायचं, त्यात खडे आणि काड्या टाकायच्या, नाहीतर माशा बुडतात. एकदा पाणी ठेवलं की एक दिवसही कोरडं पडू द्यायचं नाही, कारण त्या त्याच जागी येतात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. पेटी उघडायची तर सकाळी आठच्या आत. रिकाम्या फ्रेम काढून टाकायच्या, वसाहत जेवढ्या पोळ्यांवर बसते तेवढीच पोळी आत, म्हणजे मेणकिड्याला जागा राहत नाही. आणि शेजाऱ्याशी बोलून ठेव, तूर किंवा कपाशी फुलावर असताना फवारणी करायचीच असेल तर संध्याकाळी माशी घरी परतल्यावर. माझ्या सगळ्यात जास्त वसाहती उन्हानं नाही, सकाळच्या फवारणीनं गेल्या आहेत.

मुंगीचीवाट
१५ मे, सकाळी ७:३०

जुनीविहीर दादा, एक विनंती. घरच्या पेटीच्या दाराशी भर दुपारी पाच मिनिटं बसाल का? पंख हलवणाऱ्या माशांची तोंडं कुठं आहेत, आत की बाहेर, तेवढं सांगा.

जुनीविहीर
१५ मे, दुपारी ३:१०

ताई, दीड वाजता बसलो. डोक्यावर दुपट्टा, अंगातून धारा. दाराच्या फळीवर नऊ माशा ओळीत, पाय रोवून उभ्या. तोंड बाहेर, माझ्याकडे. शेपटी आत. पंख दिसतच नाहीत, नुसती धूसर झिलई. दाराजवळ बोट नेलं तर बाजूच्या फटीतून बाहेर येणारी हवा गरम लागली, चुलीजवळ हात धरल्यासारखी नाही, पण ओलसर गरम, श्वासासारखी. एक माशी थकली की बाजूला व्हायची आणि तिच्या जागी आतून दुसरी यायची. पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत रांग लागली होती. आईलाही बोलावलं. ती म्हणाली, ५० वर्षं हे मोहोळ बघते, असं जवळून कधी बघितलं नाही.

मुंगीचीवाट
१५ मे, सायंकाळी ६:४५

तोंड बाहेर, म्हणजे सातेरीची रीत. ती बाहेरची हवा आत ढकलते. मेलिफेरा तोंड आत करून उभी राहते आणि आतली हवा बाहेर फेकते. करडईवाला दादांनी त्यांच्या पेटीवर बघितलं तर उलटं दिसेल. दोन जाती एकाच कामाला दोन दिशांनी लागल्या. आत पाणी पसरलेलं असतं, त्यावरून कोरडी हवा फिरली की गारवा होतो. आपल्या कूलरचं तंत्र तेच. मे महिन्यातली विदर्भाची कोरडी हवा इथं माशीच्या कामी येते, म्हणूनच पाणी तुटू देऊ नका.

करडईवाला
१६ मे, दुपारी २:००

बघितलं. तोंड आत. १२ वर्षांत लक्ष गेलं नव्हतं.

नवापालवी
१६ मे, रात्री ९:३०

आमच्या गावच्या देवळामागे पडक्या विहिरीच्या कडेला सातेरी आहे, आज जाऊन पाहिली. दिवाळीपर्यंत रोज बघणार. विहीर बुजवायचा ठराव झाला आहे म्हणे, उद्या सरपंचांकडे जातो.

जुनीविहीर
२१ जून, रात्री ८:१५

उशिरा लिहितो, पेरणीत होतो. मृगाचा पाऊस १४ तारखेला आला. घरच्या पेटीत मे अखेरीस तळहाताएवढाच पिलावा उरला होता, माशा तीन फ्रेमवर. मी रोज पाणी भरत होतो, आई गोणपाट ओलं करत होती. बाकी काही केलं नाही, साखरपाकही दोनदाच दिला.

पाऊस पडून चौथ्या दिवशी संत्र्याला मृग बहाराची कळी दिसली. काल सकाळी साडेसातला पेटी उघडली. मधल्या फ्रेमवर राणी फिरत होती. तिच्यामागे घरांच्या तळाशी अंडी, उभी, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक. दोन फ्रेमवर दोन्ही बाजूंनी. ताईंच्या सांगण्यावरून कणसाच्या पानाची पट्टी लावून घरं मोजली, घाटावरच्या जुन्या पोळ्याशी ताडून पाहिली. त्याच लांबीत हिच्या पोळ्यात दोन घरं जास्त बसतात.

गोठ्याच्या कोनाड्याची फळी पुन्हा मारली आहे, खाली बोटभर फट ठेवून. वसाहत फुटली तर तिला जागा माहीत असावी.

मेळघाटवाट
२१ जून, रात्री ९:०२

फळीला आतून जुनं मेण चोळून ठेवा दादा.

जुनीविहीर
२१ जून, रात्री ९:२०

रिकाम्या चार पेट्यांतलं आहे. उद्याच चोळतो.